पहिल्या रांगेतली माणसं

मलबार हिलवर ज्या घराच्या खिडकीतून समुद्र दिसतो त्याची किंमत चढते. आमच्या सातपाटीत ज्या घराच्या खिडकीतून समुद्र आत बघतो त्याची उतरते. आमचं घर या दुसऱ्या जातीचं. आलिशान वस्तीतले भाव कोसळले की वर्तमानपत्रं हळहळतात, पण त्या यादीत सातपाटीच्या किनाऱ्यावरची पहिली रांग कधी येत नाही. आमची वस्ती आलिशान नाही असं मात्र कोणी म्हणू नये. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, दारात पापलेट, आणि वाळत घातलेल्या बोंबलांचा असा दरवळ, की पालघरहून आलेला नवखा माणूस एसटीतून उतरायच्या आधीच नाकाला रुमाल लावतो. नको त्या माणसाने आत येऊ नये म्हणून मोठ्या सोसायट्या गेट बसवतात, वॉचमन ठेवतात, वहीत नाव लिहायला लावतात. आमच्याकडे हे सगळं खातं बोंबील सांभाळतात, तेही बिनपगारी.

पहिल्या रांगेत राहणं ही पूर्वी मिरवायची गोष्ट होती. तिथे नाखवे राहत, स्वतःच्या होड्या असलेले. ओटीवर बसल्या बसल्या आपली होडी लागली की नाही ते दिसे आणि बायका टोपल्या घेऊन सगळ्यांच्या आधी काठावर पोचत. आधी पोचली तिला मासळी निवडून मिळे, मागून आली तिला उरलेली मिळे आणि वर बोलणी मिळत. सोयरीक जुळवताना मुलीकडचे हुंड्याच्या आधी विचारायचे, “घर कितव्या रांगेत?”

आमचं घर तेव्हा तिसऱ्या रांगेत. आजोबा खलाशी, दुसऱ्याच्या होडीवर जाणारे. आमच्या खिडकीतून पुढच्या घराची मागची मोरी तेवढी दिसायची. पण समुद्राला आमची दया आली. एकेक पावसाळा करत त्याने पुढची रांग नेली, मग तिच्या मागची नेली. आमच्या घराण्यात कोणी कलेक्टर झाला नाही की कोणाला लॉटरी लागली नाही, तरी आम्ही तिसऱ्या रांगेतून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून पहिल्यात आलो. एक वीट हलवली नाही, एक पैसा खर्चला नाही. बढतीचा हुकूम दर वेळी जुलैच्या उधाणाबरोबर यायचा आणि तो घेऊन येणारा थेट स्वयंपाकघरापर्यंत येऊन जायचा.

नेमके आम्ही पहिल्या रांगेत पोचलो आणि त्या रांगेचा भाव पडला. मुलीकडचे अजूनही विचारतात, “घर कितव्या रांगेत?” फक्त आता मोठा आकडा ऐकला की त्यांचा चेहरा खुलतो. माझ्या पुतण्याचं लग्न जमेना तेव्हा मध्यस्थाने आम्हाला बाजूला घेऊन सुचवलं, की रांगा समुद्राकडून मोजण्यापेक्षा रस्त्याकडून मोजाव्यात. तसं केलं. लग्न झालं. सूनबाई पहिल्याच उधाणात रांगा उलट मोजायला शिकल्या.

मध्यंतरी दगडांचा बंधारा झाला. त्याच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. समुद्र आणि आम्ही यांच्यामध्ये उभं राहून तो दोघांचंही ऐकून घेतो. साधी भरती तो अडवतो. उधाणाचं पाणी मात्र त्याच्या डोक्यावरून येतं, आणि एकदा अलीकडे आलेलं पाणी परत जाऊ नये म्हणून तो तितक्याच निष्ठेने अडवतो. खाडीची तऱ्हा याच्या उलट. ती गाळाने इतकी भरली आहे, की बोटींना बंदरात शिरायला भरतीची वाट बघत बाहेर थांबावं लागतं. म्हणजे जिथे पाणी हवं तिथे नाही, आणि आमच्या कोठीत तांदळाच्या डब्याच्या दुसऱ्या कडीपर्यंत आहे.

तरीही गेल्या पावसाळ्यापूर्वी पालघरचा एक एजंट आला. तरणा मुलगा, पायात पांढरे बूट. “काका, बीच-टच प्रॉपर्टीला बोरिवलीची पार्टी आहे,” म्हणाला. मी म्हटलं, इथे बीच आम्हाला टच करतो. तो हसला नाही, त्याने ते वहीत लिहून घेतलं.

घराची खरी मालकीण माझी काकी. वय ऐंशीच्या पुढे, पण हिशेबाला कॅल्क्युलेटर लागत नाही. तिने एजंटला विचारलं, “पार्टीला कोणत्या तिथीला आणतोस?” त्याला वाटलं मुहूर्ताची चौकशी चालली आहे. काकी भरतीची चौकशी करत होती. किनाऱ्यावरच्या पोराला बाकीचे पाढे येवोत न येवोत, पाऊणकी यावीच लागते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे, थोडं मागेपुढे. अष्टमीला भरती सकाळ-संध्याकाळी 6 ला, म्हणजे ऐन दुपारी 12 ला ओहोटी, आणि त्यात भांगाचे दिवस, पाण्याला जोर नाही. त्या दुपारी आमचा समुद्र इतका लांब, इतका गप्प आणि इतका सभ्य असतो, की त्याच्या शेजारी राहायला कोणीही कोटभर रुपये मोजावेत. काकीने बजावलं, “अष्टमीला आण. दुपारी आण. जेवायला बसव आणि 3 च्या आत गाडीत घाल.”

पण बोरिवलीकरांना सुट्टी रविवारी, आणि रविवारचं पंचांगाशी काही जमत नाही. ते आले तो जूनमधला अमावास्येचा रविवार, वेळ दुपारी पावणेबाराची. मासेमारीबंदीचे दिवस, 1 जून ते 31 जुलै. बोटी ओढून ठेवलेल्या, खलाशी घरी, आणि समुद्राला दुसरा उद्योग नाही. बाई दारातच हरखल्या. “अय्या, किती जवळ आहे हो समुद्र!” काकी म्हणाली, “जवळ कसला, तुमच्या चपलेत आहे.” खरंच होता. एक चप्पल तर एव्हाना शेजारच्यांच्या अंगणात पोचली होती. एजंटने परिस्थिती सावरायला सांगितलं, की हा इन्फिनिटी पूलचा इफेक्ट आहे. बोरिवलीकर भले लोक. चहा घेतला, सुके बोंबील विकत घेतले, भाव न करता पैसे दिले, आणि घराचा विषय पुन्हा काढला नाही.

समजा, पार्टी तयार झाली असती तरी कागद आडवे आलेच असते. किनारा नियमनाचा कायदा 1991 पासून आमच्या मागे, म्हणजे खरं तर आमच्या पुढे आहे. 2011 आणि 2019 साली त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. भरतीरेषेपासून 500 मीटरच्या पट्ट्यात काय बांधावं आणि काय बांधू नये ते त्यात लिहिलेलं असतं. साहेबांच्या नकाशात ती रेषा एका जागी बसते. आमच्याकडे ती फिरतीवर असते आणि पौर्णिमेला गॅसच्या शेगडीखालून जाते. मग 500 मीटर नेमके कुठून मोजायचे, सिलिंडरच्या अलीकडून की पलीकडून? शिवाय किनाऱ्यावरच्या पुष्कळ मच्छीमार वस्त्यांप्रमाणे आमचंही दुखणं जुनंच. घर चार पिढ्यांचं, घरपट्टी आमच्या नावाने, पण खालच्या जमिनीच्या उताऱ्यावर आमचं नाव लागेना. कोळीवाड्यांचं सीमांकन करा म्हणून मच्छीमार वर्षानुवर्षं मागणी करताहेत. मोजणी होईपर्यंत समुद्र आपला फेरफार करून घेतो. त्याला तलाठ्याची सही लागत नाही.

आमच्या पाठीमागे, रेल्वेच्या बाजूला, मात्र वेगळंच जग आहे. 2009 साली टाटा हाउसिंगने बोईसरला ‘शुभगृह’ योजना काढली, तेव्हा तिथलं सगळ्यात लहान घर चार लाखांच्या आत होतं. नॅनो गाडीचा हंगाम होता, म्हणून लोक त्यांना नॅनो घरं म्हणत. मग 2013 ला लोकल डहाणूपर्यंत गेली. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला, सिडकोने जिल्ह्याचं मुख्यालय बांधलं. बुलेट ट्रेनचं एक स्टेशन बोईसरला ठरलं, आणि 30 ऑगस्ट 2024 ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. दर घोषणेला होर्डिंग बदलतं आणि आकड्यापुढे शून्य वाढतं. त्या होर्डिंगवर एक निळाशार समुद्र असतो. तो कुठला ते मला माहीत नाही, आमचा नक्की नाही, कारण आमचा चहाच्या रंगाचा आहे. रेल्वेरुळाला चिकटून उभ्या इमारतींना सागराच्या लाटांची नावं आहेत. तिथल्या बाल्कनीतून मालगाडीच्या लाटा येतात, पण भाव चढेच. वाढवणला समुद्रात भराव घालून हजारावर हेक्टर जमीन नवी तयार करणार आहेत. काकीने हे ऐकलं आणि एवढंच म्हणाली, “तिकडे घेतील ती आमच्याकडून वळती करतील.” दर्याशी साठ वर्षं देणंघेणं केलेली बाई आहे ती. मी तिच्याशी वाद घालत नाही.

अशा वेळी धीर द्यायला अमेरिका असते. तिथे मॅसॅच्युसेट्स राज्यात नॅनटकेट नावाचं बेट आहे, सगळे धनिक. तिथल्या एका समुद्राकाठच्या बंगल्याची मागणी 20 लाख डॉलरच्या वर होती. मग वादळाने पुढचा किनारा एका घासात खाल्ला, आणि 2024 साली तोच बंगला 6 लाख डॉलरला गेला. घेणाऱ्याने ‘आयुष्य छोटं आहे, बघू’ अशा हिशेबाने घेतला म्हणे, आणि वर्ष उलटायच्या सुमारास तो पाडावा लागला. ही बातमी मी ओटीवर मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा पहिल्या रांगेत बऱ्याच दिवसांनी अभिमानाची झुळूक आली. शेजारचे तांडेल म्हणाले, “म्हणजे आपण नॅनटकेटच्या लायनीत आहोत.” तेव्हापासून उधाणाचं पाणी उपसताना ते पँट गुडघ्याच्या वर एका खास अमेरिकन पद्धतीने दुमडतात.

समुद्र नसला तरी श्रीमंत वस्तीचं पाणी उतरतं हेही आपल्याच राज्यात दिसलं. मोसे खोऱ्यातल्या लवासात इटलीच्या पोर्तोफिनोची आठवण यावी अशी रंगीत घरं तलावाकाठी उभी केली, आणि 2018 साली कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेली. लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीचा लिलाव 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने निघाला. राखीव किंमत 37 हजार कोटींच्या वर, आणि घेणारा कोणी पुढे आला नाही. काकीला हे काही केल्या पटेना. तिच्या आयुष्यात लिलाव म्हणजे मासळीचा. सकाळी एक भाव, ऊन चढलं की दुसरा, पण दिवस मावळायच्या आत सगळा माल उठलाच पाहिजे. “न उठलेल्या मालाला बर्फ लावला का त्यांनी?” तिने विचारलं. बर्फ लावला नव्हता. घराला बर्फ लावून ठेवता येत नाही, हीच त्या धंद्यातली मोठी खोट आहे, असा तिचा निर्णय झाला.

पुतण्याने मग तिच्याच भाषेत घरांचा भाव बसवून दिला. आमच्या सोसायट्यांत पापलेट वजनावर लावतात, सुपर, एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, आणि हंगामाच्या तोंडाशी व्यापाऱ्यांशी बसून प्रत्येक नंबराचा भाव ठरतो. पुतण्या म्हणाला, घरंही तशीच लावू. रस्त्यालगतची सुपर, मधली एक आणि दोन नंबर, आणि आपली पहिली रांग सुकटीत. काकीला राग आला. सप्टेंबर 2023 ला पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, तेव्हा तिने दारात रांगोळी काढली होती. “ज्यांच्या दारात राज्यमासा उतरतो ती घरं सुकटीत?” तिने पुतण्याला आठवडाभर पापलेट वाढलं नाही, जवळा वाढला. त्याने नवा तक्ता केला. त्यात आमची रांग सुपरच्याही वर आहे, फक्त भावाच्या रकान्यात ‘चर्चेने’ असं लिहिलं आहे.

मुलगा विरारला फ्लॅट घेऊन राहतो, सातव्या मजल्यावर. तो म्हणतो, तिथे मजल्यागणिक फुटाला भाव वाढतो, वर गेलं की हवा चांगली. मी एकदा राहून आलो. हवा होती, पण खालून भरती येते की ओहोटी ते कळेना, त्यामुळे झोप लागेना. आमच्याकडे रात्री कॉटचा पाय ओला झाला की वेळ कळते. काकी तर विरारला यायलाच तयार नाही. तिचं म्हणणं, सातव्या मजल्यावर मासळीवाली येत नाही आणि आली तरी तिच्याशी भाव करायला आपणच खाली उतरायचं, म्हणजे भावात पहिल्यांदाच हार.

एजंट अजून फोन करतो. त्याने आता आमचा नाद सोडला आहे, आमच्या मागच्या घराच्या मागे लागला आहे. ते घर आज दुसऱ्या रांगेत आहे, समोर आमची भिंत, समुद्र दिसत नाही. तरी मागचे भाऊ बोरिवलीच्याच कुठल्याशा पार्टीला भाव चढवून सांगत होते. मी कुंपणाशी उभा राहून ऐकत होतो.

“घर सी-फेसिंग आहे,” ते सांगत होते, आमच्या भिंतीकडे बघत. “पझेशन दोन-तीन पावसाळ्यांत.”