गॅरेजत्वमीमांसा

घट म्हणजे काय हे ठरवायला नैयायिकांना आधी घटत्व सिद्ध करावं लागलं. तशीच खटपट गॅरेजसाठी आमच्या घरी झाली. वडिलांची लूना जिथे उभी असायची, त्या जागेत आजोबांचा दिवाण हलवायचा होता. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नव्हता.

प्रथम लक्षण. २०१६च्या रेरा कायद्यानुसार गॅरेज म्हणजे छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली, वाहन ठेवायची जागा. चौथ्या भिंतीचा उल्लेख नाही, आणि माझ्या मते सगळा अनर्थ तिच्यातूनच होतो. १९६३च्या मोफा कायद्याने तर फ्लॅटच्या व्याख्येतच गॅरेज घातलं. त्याचा आधार घेऊन एका बिल्डरने खांबांमधलं स्टिल्ट पार्किंगही गॅरेज म्हणून विकायचा हक्क सांगितला. नहालचंद लालूचंद खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: स्टिल्ट हे गॅरेज नव्हे, ती सोसायटीची सामाईक जागा. खांबांना भिंती म्हणता येत नाही, एवढं ठरवायला दिल्लीपर्यंत जावं लागलं!

आता पूर्वपक्ष: आपलीच जागा, आपलंच छप्पर, मग खाट टाकली तर बिघडलं काय? उत्तरपक्ष: १९६६च्या नगररचना कायद्याचं कलम ४३. वापर बदलायचा तर परवानगी हवी. शिवाय पार्किंगचं क्षेत्र एफएसआयमध्ये धरत नाहीत. म्हणजे तीच हवा मोटारीने घेतली तर शून्य, आजोबांनी घेतली तर बांधकाम. मोटारीला मात्र अडीच बाय पाच, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. माणसाच्या खोलीला राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या हिशेबाने साडेनऊ पुरतात.

शटर लावलं तर ती भिंत होते का, या उपप्रश्नावर शेजारच्या नानांचं आणि माझं अजून जमलेलं नाही. अर्धं उघडलेलं शटर हा तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय.

मंजूर नकाशा आणि फीत घेऊन तपासनीस आले तेव्हा ते अर्ध्यावरच होतं. वाकून आत आले.

"गाडी कुठंय?"

मी लूना दाखवली. चाकांत हवा नाही, सीटवर कुरडयांचं ताट. त्यांनी वहीत लिहिलं, ‘वाहन आढळले.’ मग दिवाणाकडे बोट केलं.

"आणि हे?"

आजोबांनी डोळे न उघडता विचारलं, "चहा घेणार का?"

त्यांनी फीत गुंडाळली आणि लूनाला टेकून उभे राहिले. "बिनसाखरेचा."