अभिप्राय द्यावा नेटका

पुस्तक वाचायला वेळ लागतो, अभिप्राय द्यायला लागत नाही. उंब्रजला हायवे आहे, स्टँड आहे, चाफळ-पाटणकडच्या एसटीची वाट बघणं आहे, म्हणजे वेळेला तोटा नाही. तरीही आमच्याकडे वाचकांपेक्षा अभिप्रायकार पुष्कळ. मी संध्याकाळी गावातल्या एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी बसतो, तेव्हा हे सगळं डोळ्यांदेखत घडतं. या विद्येचं शास्त्र अजून कुणी लिहिलेलं नसल्याने ते काम मी अंगावर घेत आहे. उदाहरणादाखल आमचे मामा घेतले आहेत. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, तेव्हापासून अभिप्राय देतात.

नियम पहिला. पुस्तक हातात घ्यावं, पण उघडू नये. आधी तळहातावर तोलावं, मग पालथं करून किंमत बघावी. किमतीवरचा अभिप्राय सर्वांत सुरक्षित, कारण तो खोडून काढायला समोरच्यालाही पुस्तक वाचावं लागत नाही. "साडेतीनशे? ह्यात काय सोनं घातलंय का?" एवढं म्हणून पुस्तक खाली ठेवलं की माणूस चोखंदळ ठरतो.

हा नियम मामांचा एकट्याचा नव्हे, त्याला राज्यव्यापी मान्यता आहे. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितावर अख्ख्या महाराष्ट्राने अभिप्राय दिला. 'एकवीस'च्या जागी म्हणे 'वीस एक' आलं. पुस्तक होतं सात वर्षांच्या पोरांच्या दप्तरात. अभिप्राय मात्र पारावर, वर्तमानपत्रांत आणि थेट विधानसभेत, जिथे मुख्यमंत्र्यांच्या आडनावाचीही फोड करून झाली. मंगला नारळीकर बाई सांगत होत्या की जोडाक्षरांत मुलं अडतात, आकडा उलटा ऐकू येतो, आणि जुने शब्दही पुस्तकात ठेवलेले आहेत. ऐकतंय कोण? मामांनी त्या आठवड्यात स्टँडवर मराठी भाषा तीनदा वाचवली. घरी आले तर भाऊबंदांतला दुसरीतला पोरगा अंगणात पाटीवर त्रेसष्ट लिहीत होता. लिहिले छत्तीस. मामांनी त्याला धपाटा घातला, पण पुस्तक उघडून बघितलं नाही. नियम म्हणजे नियम.

या नियमाला एक अडचण आहे आणि ती नेमकी आमच्या गावात आहे. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक उंब्रजला, चाफळचा राम इथून जवळ, म्हणजे आम्ही राहतो समर्थांच्या अंगणात. आणि दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला दहावा समास आहे पढतमूर्खांच्या लक्षणांचा. ग्रंथ मुळापासून न बघता उगाच नावं ठेवणाऱ्याला समर्थांनी त्यात नाव घेतल्यासारखा झोडपलाय. मामांना हा समास तोंडपाठ आहे. ते तो इतरांना लावतात.

नियम दुसरा. पुस्तक आपल्यासाठी नसतं, दुसऱ्याला सुधारण्यासाठी असतं. संगोपनाच्या पुस्तकांचा तर सगळा व्यवहार याच पायावर चालतो. 'श्यामची आई' घ्या. साने गुरुजींनी ती १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली. लिहिणारा अविवाहित आणि कैदी. मुलाने आपल्या आईची आठवण काढत लिहिलेलं ते पुस्तक, आणि आपण ते करतो काय? नव्या सुनेच्या हातात देतो. "वाच जरा, आई कशी असावी ते." माझ्या टेबलावरून ही प्रत सासूच्या नावावर किती वेळा गेली असेल आणि सुनेच्या हातून परत आली असेल! मुलाच्या नावावर गेलेली मला आठवत नाही. बापाच्या नावावर तर नाहीच. एका सुनेने पुस्तक परत करताना मला म्हटलं, "श्याम चांगला होता हो. आमच्यात श्याम कोण हुणार, ते पण लिहिलंय का कुठं?" अभिप्रायाच्या वहीत ही ओळ यायला हवी होती. तिने सही करायला नकार दिला.

खरं तर संगोपनाच्या पुस्तकाची पारख अवघड नाही. पहिल्या दहा पानांत लेखक एखाद्या खऱ्या मुलाशी हरतो का, ते बघावं. ज्या पुस्तकात प्रत्येक मूल दुसऱ्या परिच्छेदात ऐकतं, ते पुस्तक मुलांबद्दल नाही. गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न'मधला मास्तर चौथीच्या वर्गात उभा राहतो आणि आधी पोरं त्याचा पार बट्ट्याबोळ करतात. म्हणून ते पुस्तक विश्वासाचं. शिफारस करताना मुलाचं वय विचारा. दीड वर्षाच्या आणि पंधरा वर्षांच्या पोराला एकच पुस्तक सुचवणारा माणूस दोघांच्याही वाटेला गेलेला नसतो.

नियम तिसरा, धार्मिक ग्रंथांविषयी. यांच्यावर अभिप्राय देऊ नये. तो ग्रंथकर्त्यानेच देऊन ठेवलेला असतो. त्याला फलश्रुती म्हणतात. 'नवनाथ भक्तिसार' घ्या, शेवटच्या चाळिसाव्या अध्यायात कोणत्या अध्यायाने काय साधतं त्याची यादीच आहे. हल्लीच्या प्रकाशकांना पुस्तकाच्या मागच्या बाजूला असं ठामपणे काही लिहिता येत नाही. दासबोधाची तर सुरुवातच श्रोत्यांच्या चौकशीने होते: ग्रंथ कोणता, यात आहे काय, ऐकून मिळतं काय. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं गिऱ्हाईकही आधी हेच विचारत होतं, एवढं त्यावरून कळतं.

मग श्रद्धाळू वाचकाने बोलायचं कशाबद्दल? टाइपाबद्दल. हे मी थट्टेने म्हणत नाही. पोथी विकत घेताना लोक मुखपृष्ठावरचा देव बघतात आणि घरी गेल्यावर चष्मा शोधतात. दुकानातच पोथी मधोमध उघडून चौरंगावर ठेवा. हात न लावता उघडी राहिली तर बांधणी चांगली. कागदातून मागच्या पानाची अक्षरं दिसता कामा नयेत. ओव्यांना आकडे हवेत, नाहीतर सप्ताहात "कुठंवर आलो" यावरच भांडण लागतं. म्हाताऱ्या माणसासाठी मोठ्या टाइपाची, पहिल्यांदा वाचणाऱ्यासाठी खाली अर्थ दिलेली घ्यावी. सार्थ प्रत घेतली म्हणून पुण्य कमी होत नाही. मी चौकशी केलेली आहे.

गुरुचरित्राची गोष्ट वेगळी. बाकीच्या पुस्तकांना वाचक नियम लावतो, इथे परंपरा वाचकाला लावते: सात दिवस, सोवळं, जेवणाचं पथ्य, जमिनीवर झोप. बायकांनी वाचू नये असंही सांगतात. त्यावर आमच्या मामीचा अभिप्राय असा, की घरात सप्ताह असतो तेव्हा सोवळ्याचा स्वयंपाक, फुलं, नैवेद्य आणि मामांचं अंथरूण हे सगळं तिने करायचं, म्हणजे पारायण तिचंच झालं, पानं तेवढी मामांनी उलटली.

नियम चौथा, प्रवासासंबंधी. पुस्तकांच्या गावी जाऊन यावं. महाबळेश्वरच्या अलीकडचं भिलार हे आपल्याच जिल्ह्यात, ४ मे २०१७ पासून तिथे घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत, कुणीही बसून वाचावं. मामा जाऊन आले. अभिप्राय: "स्ट्रॉबेरी महाग आहे."

आता अभ्यासाची पुस्तकं. कर्मवीरांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली ती आमच्याच कराड तालुक्यातल्या काले गावात. तेव्हा शिकण्याच्या पुस्तकाबद्दल इथे पोरखेळ चालत नाही. पाय लागला तर अजूनही पुस्तकाच्या पाया पडतात, मग ते दहावीचं गाईड का असेना. गाईडावर लांबलचक अभिप्राय कुणी देत नाही. परीक्षेनंतर वर्गाबाहेर एकच प्रश्न असतो, "ह्यातलं किती पडलं?" आणि उत्तर आकड्यात मिळतं. '२१ अपेक्षित' पुढच्या वर्षीच्या पोराला निम्म्या किमतीत गेलं तर पुस्तक चांगलं, रद्दीत गेलं तर वाईट. एवढी प्रामाणिक समीक्षा दिवाळी अंकांत सापडायची नाही. घेणाऱ्याने मात्र शेवटी छापलेल्या उत्तरांतली दोन-तीन गणितं दुकानातच पेन्सिलने सोडवून बघावी. उत्तरच चुकीचं छापलेलं असेल तर पोरगं बिचारं रात्रभर स्वतःला मठ्ठ समजत बसतं.

राहिलं घर. म्हणजे 'रुचिरा'. कमलाबाई ओगले जन्मल्या सांगली जिल्ह्यातल्या कुंडलला, आणि १९७० मध्ये त्यांचं पुस्तक काढलं किर्लोस्करांनी. वाटी आणि चमचा ही मापं लिहून त्यांनी नव्या नवरीची तराजूतून सुटका केली. लग्नात कुकरबरोबर ते देण्याची पद्धत पडली. मामांचं मत: "पुस्तक वाचून कुणी सैपाक शिकतं व्हय?" हे मत ते चिरोटे खाताना देतात. चिरोटे कुठून आले ते विचारत नाहीत.

मामीची प्रत मी बघितली आहे. मुखपृष्ठ कधीच गेलंय, पाठीला खाकी कागद चिकटवलाय. पुस्तक टेबलावर ठेवलं की आपोआप अनारशांपाशी उघडतं. तिथे तुपाचा डाग आहे, पाकाने दोन पानं चिकटलीत, आणि काठावर पेन्सिलने 'आमच्या गुळाला पाणी कमी' असं लिहिलंय. रोजच्या आमटीच्या पानाला डाग नाही, कारण आमटी तिला आईने शिकवली. मामीला विचारलं, पुस्तक कसं आहे? "बरं आहे की." सगळ्या उंब्रजमध्ये पुस्तक शेवटपर्यंत वापरून दिलेला अभिप्राय मला एवढाच सापडला, आणि तो तीन शब्दांचा निघाला.

पाककृतीचं पुस्तक निवडायचं तर आपल्याला उत्तम येणारा एक पदार्थ त्यात काढून वाचावा. तिथे जर लेखिकेने आपल्याला माहीत असलेली अडचण सांगितली असेल, म्हणजे पुरण कधी सैल होतं, भाकरीचं पीठ शिळं झालं की का तुटतं, तर बाकीच्या पानांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. नुसतं 'चवीनुसार' आणि 'आवश्यकतेनुसार' असेल तर ठेवून द्यावं.

यानंतरचे नियम सार्वजनिक वाचनालयातल्या सभासदांसाठी आहेत, आणि ते जरा चढ्या आवाजात वाचावेत.

महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला. त्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे अनुदान. अनुदानाची रक्कम ऐकली तर तुम्ही पुस्तकाला हात लावण्याआधी हात धुवाल. त्या पैशातून आणलेल्या पुस्तकावर काय काय केलं जातं? पहिल्या वीस पानांत प्रत्येक ओळीखाली पेन्सिल. एकविसाव्या पानापासून पान कोरं. तुम्ही कुठे झोपलात ते आम्हाला कळतं हो. धार्मिक पुस्तकांच्या काठावर 'सत्य!' आणि त्याच्या खाली दुसऱ्या शाईत 'असत्य!'. लेखनक्रियेवरही दासबोधात समास आहे. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं, पहिल्या पानासारखंच शेवटचं दिसावं, अशी समर्थांची अपेक्षा. दुसऱ्याच्या पुस्तकात लिहा असं ते कुठेही म्हणत नाहीत. आणि करंज्यांचं पान ब्लेडने कापून नेणं! अहो, हातात मोबाईल आहे ना? फोटो काढा. पानाच्या मागच्या बाजूला शंकरपाळ्या होत्या, त्या पण गेल्या.

टेबलावर अभिप्रायाची वहीसुद्धा आहे. तिच्यात पाहुण्यांनी लिहिलंय, 'वाचनालय स्तुत्य आहे. असेच चालू राहो.' मामांनी लिहिलंय, 'पंखा आवाज करतो.' मामांची तक्रार खरी होती. पंखा दुरुस्त झाला, तो त्या एका ओळीमुळे. म्हणून त्यांना मी फार बोलत नाही. शिवाय पावसाळ्यात छत गळायला लागलं तेव्हा पुस्तकं कोरड्या कपाटात हलवायला भर रात्री आलेला माणूस हाच. कपाटातून काढलेलं एकेक पुस्तक बॅटरीच्या उजेडात पुसत होते, आणि पुसता पुसता चक्क वाचतही होते. कुठलं, ते मी बघितलंय. सांगणार नाही, त्यांची स्टँडवरची पत जाईल.

पुस्तक सुचवायचं झालं तर पान क्रमांकासकट सुचवा. कुणी वाचू नये तेही सांगा. आवडलं नाही तर कुठवर वाचून सोडलं ते सांगा, आमचा वेळ वाचतो. 'छान आहे' हा अभिप्राय नव्हे, ती पोच आहे.

आणि वाचनालयाची 'श्यामची आई' दिवाळीपासून परत आलेली नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी सुनेला देऊन झालं असल्यास संध्याकाळी सहा ते आठमध्ये आणून द्यावी. अभिप्राय नको, नुसतं पुस्तक द्या.