लिफाफ्यावरचा मायना

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यास १९९४ साली एका मंत्रिमहोदयांनी भेट दिली, तेव्हा हारांचा क्रम, खुर्च्यांची मांडणी आणि आभारप्रदर्शनाची कालमर्यादा यांचा बंदोबस्त मजकडे असल्यामुळे ‘प्रोटोकॉल’ हा शब्द मालकांच्या मनात माझ्या नावाशी कायमचा जोडला गेला. आणि पुढल्याच महिन्यात संगणकांची जोडणी करावयास आलेला तरुण अभियंता ‘इथे तीन प्रोटोकॉल आहेत’ असे काकुळतीने म्हणताच त्यांनी त्यास थेट माझ्या मेजाकडे रवाना केले.

चौकशीअंती कैफियत निघाली ती अशी. हिशेबखाते नॉव्हेलच्या सर्व्हरवर नांदत असल्याने आयपीएक्स बोले. ड्रॉइंग ऑफिस युनिक्सच्या यंत्राच्या नादी लागून टीसीपी-आयपीचे निष्ठावंत झालेले. आणि उरलेली कचेरी नेटबियुईच्या आश्रयाने एकमेकांच्या प्रिंटरवर पत्रे छापी. (नेटबियुई हा मोठा घरकोंबडा प्रोटोकॉल, राउटरचा उंबरठा ओलांडणे त्याच्या कुंडलीतच नाही. आमच्या मामांचे असेच होते, लोणावळ्यापलीकडे ते कधी गेले नाहीत.)

एका तारेवर राहण्यास तिघांचीही ना नव्हती. वाद होता तो संगणकाच्या पोटातील जागेचा. डॉसने आखून दिलेल्या ६४० किलोबाइटांत आधी कार्डाचा ड्रायव्हर बिऱ्हाड थाटी, मग एकेक प्रोटोकॉल वळकटी घेऊन येई, माउसही कोपरा अडवून बसे, आणि अखेरीस ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो पगारपत्रकाचा प्रोग्राम दाराशी आला की त्यास ‘मेमरी अपुरी’ या शब्दांत वाटेला लावण्यात येई.

या प्रकरणातील सर्वांत गहन दिवस गुरुवारचा. आमच्या भागात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, म्हणून दुरुस्त्याही गुरुवारीच. त्या दिवशी नॉव्हेल ३.१२ चा नवा सर्व्हर रुजू झाला. तार तीच, कार्डे तीच, बोलणे दोन्हीकडून आयपीएक्सच; तरी जुने संगणक त्यास ओळख देईनात. सकाळपासून तारेच्या दोन्ही टोकांचे ५० ओहमांचे टर्मिनेटर मी स्वतः धोतराच्या सोग्याने पुसले, आणि दिवेलागणीस उलगडा झाला की जुनी मंडळी मजकूर ८०२.३ च्या लिफाफ्यात घालीत, तर नवे साहेब, वेगळा हुकूम नसल्यास, ८०२.२ चाच लिफाफा स्वीकारीत. बारनिशीच्या कारकुनाने मायना निराळा दिसला म्हणून अर्ज न फोडताच बाजूस सारावा, तशातला हा प्रकार! तीस वर्षे दप्तरात घालवलेल्या मला तो तत्काळ पटला; अभियंत्याला मात्र अजून पटला नसावा. नेट.सीएफजी नावाच्या फायलीत एक ओळ घातली, आणि सारे सुरळीत झाले.

जागेच्या तंट्यावर तोड निघाली ती डॉस ६ च्या कृपेने. संगणक सुरू होताच तो विचारी, ‘१ हिशेब, २ ड्रॉइंग’. ज्याने जे मागावे त्याला तेवढाच प्रोटोकॉल मिळे, आणि दुसरा हवा असल्यास यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागे. ही व्यवस्था डिस्पॅचच्या वयोवृद्ध कारकुनांस जाचक होईल, अशी मला धास्ती होती, कारण चलन पहिल्यात आणि आराखडा दुसऱ्यात असल्यामुळे त्यांना दिवसातून दहा वेळा हा फेरा पडणार होता. मी दिलगिरी व्यक्त करण्यास गेलो, तो त्यांच्या मेजावर बशी उपडी घातलेला कप होता.

‘छे हो साहेब,’ ते म्हणाले, ‘ते सुरू होईतो माझा चहा होतो. तेवढा तिसरा प्रोटोकॉल घालता आला तर बघा.’