साळुंकीला पिंजरा, आणि तोही सुनेच्या हातून!

ऐकलंत का? भूगावच्या आमच्या सोसायटीतल्या काकू सहा महिने लेकाकडे कॅनबेराला राहून परवा परतल्या. बॅगा उघडायच्या आधीच त्यांनी बातमी फोडली: सून साळुंक्या धरते! परसात, शनिवार-रविवार, नटूनथटून नव्हे तर हातमोजे घालून. शेजारणीही धरतात, आणि कुंपणावरून एकमेकींना विचारतात, "तुझ्या किती झाल्या?" आपल्याकडे दिवाळीत चकल्यांचं विचारतात तसं.

मी म्हटलं, "काकू, काहीतरीच काय!" तर त्यांनी मोबाइलवर पिंजऱ्याचा फोटोच दाखवला.

हे सगळं रीतसर चालतं बरं का. २००६ पासून तिथे स्वयंसेवकांचं मंडळ आहे, 'कॅनबेरा इंडियन मैना ॲक्शन ग्रुप'. नावातच 'इंडियन'! म्हणजे आरोपीच्या नावापुढे मूळ गावही लिहून टाकलं. पिंजरा दोन खोल्यांचा. पहिल्या खोलीत कुत्र्याची बिस्किटं. पक्षी चालत आत शिरतो, पुढच्या खोलीत सरकतो आणि मग परतीची वाट काही सापडत नाही. (आपल्या भूगावात फ्लॅट बुक केलेल्यांना हे समजावून सांगायला नको.) आतल्या खोलीत एक फितूर साळुंकी आधीच बसवलेली; तिला दाणापाणी, सावली, सगळी सरबराई. तिला बघून बाकीच्या येतात. तिथला एखादा पक्षी चुकून शिरलाच तर त्याला मानाने सोडून देतात.

"आणि साळुंकीला?"

"वायू देऊन झोपवतात," काकू म्हणाल्या आणि शांतपणे चहाचा घोट घेतला. मी माझा कप खाली ठेवला.

अहो, साळुंकी! मुळशीत भाताची खाचरं नांगरायला घेतली की मागोमाग तुरूतुरू चालत अळ्या टिपणारी. म्हशीच्या पाठीवर हक्काने बसणारी. तिला २००० साली जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत घातलंय, आणि तिकडचे लोक तिला आकाशातला विषारी बेडूक म्हणतात. माहेरी लाडकी, सासरी अवदसा!

पण मला सांगा, ती तिकडे गेली कशी? तिकीट कोणी काढलं? १७६२ साली टोळ खायला म्हणून तिला भारतातून मॉरिशसला नेलं. बरोबर शंभर वर्षांनी, १८६२ ला, मेलबर्नच्या भाजीमळ्यांतली कीड वेचायला तिला ऑस्ट्रेलियात उतरवलं. मग १८८३ ला क्वीन्सलँडच्या उसाच्या फडात. कॅनबेरात १९६८ ला. मजुरीला बोलावून नेलं, आणि ती तिथेच संसार थाटून बसली तर आता घुसखोर! बरं, मोबदल्यात त्यांच्याकडून आपल्याकडे काय आलं? निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ. त्यावर कोणी मंडळ काढलं नाही, उलट वृक्षारोपण म्हणून फोटो काढले.

काकू मात्र सुनेची बाजू सोडेनात. (ही खरी सनसनाटी बातमी, सोसायटीत दोन दिवस तीच चघळली गेली.) "अगं, तिथले रंगीत पोपट म्हाताऱ्या झाडांच्या ढोलीत घरटी करतात. ही बया आधी जाऊन ढोली बळकावते, पिल्लांना हुसकते." सुनेने पढवून पाठवलेलं दिसतंय. पण बिनबुडाचं नाही ते. कॅनबेरातल्या २९ वर्षांच्या पक्षिनोंदी तपासून २०१२ साली संशोधकांनी दाखवलं, की साळुंकीने बस्तान बसवलं तसे लाल रोझेला पोपट, तुऱ्याचे काकाकुवे आणि खंड्याचा तिकडचा दांडगा भाऊबंद कूकाबुरा यांचं गणित बिघडलं. दोन वर्षांनी त्याच अभ्यासकांनी खोचक प्रश्नही विचारला: साळुंकी गाडी चालवतेय, की माणसाने झाडं तोडून घरं बांधली त्या गाडीत नुसती बसलीये? भूगावच्या सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत, समोरची खणलेली टेकडी बघत हा प्रश्न वाचला, म्हणून पुढे बोलत नाही.

आणि गंमत ऐका. तोच पिंजरा इथे लावला तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२! आपला फासेपारधी पिढ्यान्‌पिढ्या फितूर तित्तर बसवून तित्तर धरत आला, त्याला आपण गुन्हेगार ठरवलं. तीच करामत इंजिनिअर सुनेने केली की निसर्गसेवा. पौडहून कामाला येणाऱ्या मावशींनी हे सगळं केर काढता काढता ऐकलं आणि एवढंच विचारलं, "मग ती खात्यात का न्हाई?" नाही म्हटल्यावर त्यांचा कॅनबेरावरचा विश्वासच उडाला.

काकूंनी पिंजऱ्याचा आराखडाही आणलाय म्हणे. कबुतरांना कंटाळलेले आमचे सेक्रेटरी तेवढ्यासाठी संध्याकाळी येऊन गेले, बराच वेळ दार लोटून बोलणं चाललं होतं. आज सकाळी काकू खाली बाकावर बसल्या होत्या. तळमजल्यावरच्या लॅब्रॅडॉरच्या वाडग्यातली बिस्किटं दोन साळुंक्या बिनदिक्कत पळवत होत्या, कुत्रा बघत होता, आणि काकूंचे ओठ हळूच हलत होते. मोजत होत्या हो!