आतला सभासद आणि त्याची हरकत

चित्र काढायला बसलेल्या प्रौढ माणसाला पहिला अभिप्राय कागद कोरा असतानाच मिळतो. ‘तुला जमणार नाहीये,’ असं आतून कुणीतरी म्हणतं. हा कुणीतरी अगदीच अनोळखी नाही. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही गृहनिर्माण संस्थेत असा एक सभासद असतोच. कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागणारी वार्षिक सर्वसाधारण सभा ही त्याची पर्वणी. वर्षभर तो जिन्यात कुणाशी बोलत नाही, पण सभेला फाइल घेऊन येतो, मागच्या इतिवृत्तातल्या चौथ्या मुद्द्यावर हरकत घेतो, आणि टाकीच्या गळतीचा विषय निघेपर्यंत सामोसे थंड होऊन जातात. त्याला गप्प करण्याच्या नादात सचिवांच्या पिढ्या खपल्या. समजूत घालून झाली, खुशामत झाली, कमिटीत घेऊनही झालं. माझ्या मते यावर एकच उपाय आहे आणि तो अजून कुणी केलेला नाही: सभा रोज घ्यावी. रोज सकाळी सात वाजता, विषयपत्रिका तीच. सुरुवातीला तो फाइल घेऊन येईल. मग नुसताच येईल. आणि पंधरवड्यात त्याला नेमकं त्याच वेळी दूध आणायला जायचं असेल.

आतल्या सभासदाचंही तसंच आहे. तो धैर्याने गप्प होत नाही आणि कौतुकाने तर मुळीच होत नाही; उलट ‘छान आहे हं’ हे वाक्य त्याला संशयास्पद वाटतं. त्याला हवा असतो प्रसंग. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुटीत, महागडा कागद आणि नवी रंगपेटी आणून, घरच्यांना सांगून जो चित्राला बसतो, तो त्याला सन्मानाने निमंत्रण धाडत असतो. रोज संध्याकाळी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर वीस मिनिटं रंग फासणाऱ्याकडे तो फार दिवस टिकत नाही. कंटाळतो.

त्याची नेमणूक होते साधारण शाळेतच. कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षांना, म्हणजे आपल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटला, मी नावं ठेवत नाही. मडक्याचं तोंड गोल असलं तरी कागदावर लंबगोल काढायचं, हे महाराष्ट्रातल्या लाखो पोरांना त्यांनीच शिकवलं. रंगही घरचेच होते: दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईपासून सुरू केलेल्या आणि पुढे अंधेरीच्या जे. बी. नगरात मुक्काम टाकलेल्या कॅम्लिनचे. पण बहुतेकांचा ब्रश हातातून सुटला तो श्रेणी लागल्यावर, आणि ती श्रेणी मात्र सुटली नाही. स्मरणचित्रातल्या भाजीबाजारात सगळी गिऱ्हाइकं पाठमोरी का असतात, हे ती परीक्षा दिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तोंडं काढली की गुण जातात. पुढे चाळिशीतही माणूस कागदासमोर बसतो तो याच बेताने, की आपलं तोंड दिसू नये.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं ऐकायला ठीक, पुरावा काय? पुरावा कुठल्याही इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, चपलांच्या स्टँडशेजारच्या दोन फुटांत रोज सकाळी पडलेला असतो. रांगोळी काढणाऱ्या बाईंना ‘तुम्ही चित्रं काढता का?’ असं विचारून पाहा. ‘छे, मला कुठलं येतंय,’ असं उत्तर येईल, आणि ते देतानाच त्या मोजपट्टीविना ठिपक्यांची रांग सरळ टाकत असतील. तिथे सभासद फिरकत नाही, कारण काल काढलेलं झाडूवाल्याने पुसलेलं असतं. इतिवृत्तच नाही तर हरकत कशावर घेणार? याची उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. पाडव्याला त्याच बाईंचं नाव सोसायटीच्या रांगोळी स्पर्धेत घाला. हात तोच, चिमूट तीच, पण लगेच ठिपके वाकडे पडू लागतात. बदलला तो फक्त प्रसंग.

प्रयोगशाळेतलाही एक दाखला आहे. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना पाऊण तास हवं ते करू दिलं: रंग, माती, चिकटकाम. २०१६ साली छापलेल्या त्या अभ्यासात सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालेलं आढळलं. आणि आधी कलेचा अनुभव असण्या-नसण्याने त्यात विशेष फरक पडला नाही. या आकड्यांवर फार इमले बांधू नयेत. माणसं मोजकी, तुलनेला दुसरा गट नाही, आणि कॉर्टिसॉल उतरलं म्हणजे आतला आवाज उतरला असंही नाही. उरलेल्या चतुर्थांशाला बहुधा एलिमेंटरी आठवली असावी. तरी एवढं दिसतं की चित्र बरं येणं आणि चित्र काढून बरं वाटणं ही दोन स्वतंत्र खाती आहेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: टीकाकार गेला तर सुधारणा कशी होणार? रवींद्रनाथ ठाकुरांचं उदाहरण इथे मला फार आवडतं. त्यांच्या हस्तलिखितांत खोडलेल्या शब्दांच्या गिचमिडीला ते रेघा जोडत गेले आणि त्यातून चोचींचे, दातांचे विचित्र प्राणी उभे राहिले. टीकाकाराने मारलेल्या काटांनाच त्यांनी कामाला लावलं. साठी उलटल्यावर ते नेटाने चित्रांकडे वळले, १९३० साली पॅरिसमध्ये प्रदर्शन झालं, आणि मागे दोन हजारांहून अधिक चित्रं राहिली. टीकेला हाकलायचं नाही, तिची वेळ बदलायची. महिन्याभराची पानं रविवारी जमिनीवर मांडा आणि मग त्या सभासदाला खुशाल बोलवा. एकाच चित्रासमोर तो ‘तुला येत नाही’ म्हणतो, कारण दुसरं म्हणायला त्याच्याकडे काही नसतं. तीस चित्रांसमोर त्याला तपशिलात शिरावंच लागतं: क्षितिज दर वेळी मधोमध येतंय, हिरवा फार कच्चा वापरतोस. हे माणसाबद्दल नाही, चित्राबद्दल आहे. असं बोलायला लागला की तो कामाचा होतो.

वेळ कुठे आहे, हा उपनगरी आक्षेप. सुधीर पटवर्धन यांनी मुलुंडच्या पलीकडे, ठाण्यात, १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करता करता चित्रं काढली, तीही कलाशाळेत न जाता. दिवसभर इतरांच्या आतले दोष शोधायचे आणि उरलेल्या वेळात लोकल, चाळी, कामगार रंगवायचे. हे उदाहरण सगळ्यांना लागू नाही, मान्य. तेवढी प्रतिभा आणि तेवढी चिकाटी एका इमारतीत सहसा मिळत नाही. पण विषय तरी शोधायला नकोत. अंधेरीचा गिल्बर्ट हिल घ्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा दोनशे फुटी काळा कातळ, माथ्यावर गावदेवी. एवढ्या काळात तो काही फारसा हललेला नाही, म्हणजे उद्या संध्याकाळीही जागेवर सापडेल. खोडरबर घरी ठेवा. उभ्या रेघा वाकड्या आल्या तरी बेसॉल्टचे स्तंभही काही ओळंबा लावून उभे नाहीत.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. नियमाने रंगवण्याने आतला आवाज मवाळ होतो, बाहेरचे होत नाहीत. रोज एक म्हणजे वर्षाला तीनशे पासष्ट कागद, आणि घर वन बीएचके. दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी तो गठ्ठा दोन बोटांत धरून विचारणारच, ‘हे ठेवायचंय?’ गिल्बर्ट हिल पाहून सासूबाई म्हणणार, ‘कढई छान काढली आहे.’ तिथे ‘हो’ म्हणावं आणि पाणी बदलायला उठावं.