पाणी पुढे सरकवा!

बेळगावात भाताच्या उताऱ्यापेक्षा सात-बाराचा उतारा केव्हाच भारी पडला आहे. जमीन बिगरशेती करायला महसूल खातं, ले-आउट मंजूर करायला बुडा म्हणजे नगरविकास प्राधिकरण, पुढं मालमत्तेचं खातं चढवायला महापालिका. प्रत्येक टेबलावर नकाशा उलगडतो. त्यात रस्त्यांच्या कडेनं गटारं असतात, गटारात पाणी कुठं वाहणार ते दाखवणारे बाण असतात. बाण ऐटीत ले-आउटच्या हद्दीपर्यंत जातात आणि तिथं कागद संपतो. पलीकडं काय आहे, असं विचारण्याची पद्धत नाही. पलीकडं शहापूर, वडगाव, अनगोळचं शिवार आहे. बेळगावी बासमती तिथलीच.

छापील नियम बरेच आहेत, पण ते वाचून कोणाचं घर बांधून झालेलं नाही. शहर चालतं ते वेगळ्या नियमावलीवर. नागरिकांच्या सोयीसाठी ती इथं प्रथमच प्रसिद्ध करीत आहोत.

कलम १. फाटकाबाहेर गेलेलं पाणी आपलं नव्हे. एक एकर भातावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर चार लाख लिटर पाणी होतं. बांध घातलेल्या शेतात ते थांबतं, मुरतं, उरलेलं सावकाश खाली उतरतं. त्याच एकरावर स्लॅब, काँक्रिट रस्ता आणि अंगणभर पेव्हर आले, की बहुतेक पाणी लगोलग बाहेर धावतं. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर शेजारच्या वावरात रिकामे करावेत, तसा हा प्रकार. टँकर खरे असते तर पोलिसांत तक्रार झाली असती. पावसावर गुन्हा दाखल होत नाही.

कलम २. बिल संपेल तिथं गटार संपवावं. शिवाराच्या कडेला कुठलंही नवं गटार बघा. शेवटच्या तोंडाला दोन गंजक्या सळ्या बाहेर आलेल्या, खाली धारेनं पडलेला हातभर खड्डा, आणि खड्ड्यापासून पुढं आडवं झालेलं भात. त्यात थर्माकोलच्या पत्रावळ्या. जमीन दाखवणाऱ्या एजंटाला विचारलं तर तो समाधानानं सांगतो, "पाणी जातंय की ओ!" जातंय, यात शंका नाही.

कलम ३. रस्ता नेहमी उंबऱ्याहून उंच असावा. स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत २०१६ साली बेळगावचं नाव आलं. जुना रस्ता न उकरता त्यावर नवा थर चढवला, की रस्ता स्मार्ट होतो आणि घर तळघर होतं. मालमत्ता करात मात्र तळमजलाच धरतात.

कलम ४. नाला मे महिन्यात आठवावा. शिवारातून जाणाऱ्या बळ्ळारी नाल्यात जलपर्णी दाटली, की जेसीबी येतो, फोटो निघतो आणि गाळ काठावरच रचून ठेवतात. पहिल्या जोराच्या पावसात तो आपल्या मूळ गावी परत जातो. पुढच्या वर्षीही काढायला तोच गाळ मिळावा, ही दूरदृष्टी. जुलैत नाला शिवारात शिरतो, भात कुजतं, शेतकरी पुन्हा लावणीला वाकतो. ज्याच्या तोंडचं पाणी पळालंय, त्याच्याच शेतात ते येऊन थांबतं.

कलम ५. चूक जुनी झाली की तिला खातं मिळतं. २०२५ च्या फेब्रुवारीत राज्यभर अनधिकृत वसाहतींतल्या मालमत्तांना बी-खातं देण्याची मोहीम निघाली. घरमालकाला कागद मिळाला, सरकारला कर मिळाला, दोघांचंही भलं झालं. नाल्याच्या बुजलेल्या जागेला कोणतं खातं, हे ठरायचं आहे.

कलम ६. शिव्या सीमेपलीकडं द्याव्यात, पाणी खाली. हे कलम आंतरराज्य आहे. जुलै २०२१ मध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगा नदीनं पुणे-बंगळूर महामार्ग अडवला, तेव्हा इकडचे लोक पाटगाव आणि काळम्मावाडी धरणांकडं बोट दाखवत होते. ती धरणं महाराष्ट्रात. त्याच दिवसांत सांगली-कोल्हापूरचं बोट अलमट्टी धरणाकडं होतं, ते कर्नाटकात. मधल्या ओढ्यांवर, पूररेषेत, दोन्ही बाजूंना कोणी काय बांधलं, याकडं दाखवायला बोट शिल्लक नव्हतं. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, पण या कलमावर दोन्ही राज्यांचं पूर्ण एकमत आहे.

जर्मनीतल्या अनेक शहरांत पावसाच्या पाण्याचं वेगळं बिल येतं. तुमचं छप्पर आणि फरसबंदी मिळून किती चौरस मीटर जागेचं पाणी गटारात जातं, तेवढे पैसे. फरशी उखडून माती मोकळी केली, पाणी जागीच मुरवलं, की बिल उतरतं. आपल्याकडं असं काही निघालं तर आधी मोर्चा निघेल, आणि मोर्चाच्या पुढं पेव्हरवाले असतील.

तेव्हा उलटं करून पाहू. शहराचं पाणी वर्षानुवर्षं फुकट साठवून घेणारं एकमेव खातं म्हणजे शिवारातला शेतकरी. त्यानंच आता बिल पाठवावं: चार लाख लिटर पाणी, मुक्काम आठ दिवस, जागाभाडं अमुक, कुजलेलं भात अमुक, थर्माकोल वेचण्याची मजुरी वेगळी. खाली सही, सोबत शेताचा उतारा. पैसे मिळतील या भ्रमात राहू नये. कार्यालयातून पोच येईल, की आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी वरिष्ठांकडे पाठवण्यात आला आहे. उताराच्या विरुद्ध दिशेनं काही चढवण्याची विद्या आपल्या कार्यालयांना नाही, असं मग कोणी म्हणू नये.