चॉकलेट तपासणी खातं

अनोळखी माणसाशी बोलायचं नाही. कुणी खाऊ दिला तर घ्यायचा नाही. परक्याच्या दारात हात पसरायचा नाही. अमेरिकेतले आईबाप हे वर्षभर पोराच्या डोक्यात भरवतात. मग हॅलोविनची, ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ येते. त्याच पोराला डायनोसॉरचा पोशाख चढवतात, हातात प्लॅस्टिकचा भोपळा देतात, अनोळखी दारासमोर उभं करतात आणि मागून ढोसतात, ‘अरे, माग ना! ट्रिक ऑर ट्रीट म्हण!’ पोर गोंधळलं तर ‘लाजतोय’ म्हणून हसतात. लाजत नाही हो तो, कालचा धडा खरा की आजचा, याचा विचार करतोय.

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत गोंधळ दुप्पट. २०२४ साली नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले. सकाळी उटणं लावून लेकराला उजळवायचं आणि संध्याकाळी त्याच गालांवर हिरवा रंग फासायचा. त्यावर पुण्याहून व्हिडिओ कॉलवर काकांचा प्रश्न: ‘ही भुताखेतांची थेरं हवीत कशाला?’ काका, कोकणात शिमग्याला संकासुर दारोदार फिरतो, नाचतो, पोस्त घेतो आणि पोरं आईच्या पदराआड दडतात. फरक इतकाच, की इथे सोंग पोरं घेतात आणि घाबरायचं काम मोठी माणसं करतात.

आणि ते किती मन लावून करतात! पोर घरी आलं, की भोपळा जेवणाच्या टेबलावर उपडा होतो आणि चॉकलेट तपासणी खातं कामाला लागतं. ब्लेड आहे का? सुई आहे का? कुणी विष तर घातलं नाही ना? रॅपरची टोकं दिव्याखाली धरून बघितली जातात. डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या बातम्या चाळल्या. अनोळखी घरातून मिळालेल्या विषारी खाऊने पोर दगावल्याचं एकही पक्कं प्रकरण त्यांना सापडलं नाही. हॅलोविनच्या खाऊतून विष घातल्याचं गाजलेलं प्रकरण १९७४ चं, टेक्सासमधलं. गोड पावडरच्या नळीत सायनाइड होतं, आठ वर्षांचा मुलगा गेला. ते सायनाइड घातलं होतं मुलाच्या सख्ख्या बापाने, विम्याच्या पैशांसाठी. १९८४ मध्ये त्याचा मृत्युदंड अमलात आला. म्हणजे तपासायचंच असेल, तर टेबलाच्या अलीकडे बसलेल्या इसमाला तपासा.

तसंही या खात्याचा खरा हेतू वेगळाच असतो. पीनट बटरवाली चॉकलेटं नेमकी बाबांनाच ‘संशयास्पद’ वाटतात आणि ‘खात्री करून घ्यावी’ म्हणून तोंडात जातात. शाकाहारी घरात तपासणीची दुसरी फेरी होते: चष्मा लावून बारीक अक्षरांत जिलेटिन शोधायचं. मऊ, चिवट, रंगीत गोळ्यांचा ढीग एका बाजूला पडतो आणि सोमवारी बाबांच्या ऑफिसात जातो. तिथल्या सहकाऱ्यांना वाटतं, माणूस दिलदार आहे.

भीती एवढ्यावर थांबत नाही. शेजारी कोण राहतं ते ठाऊक नाही, म्हणून आता बऱ्याच ठिकाणी चर्चच्या नाहीतर शाळेच्या पार्किंगमध्ये गाड्या ओळीने लावतात, डिक्या उघडतात, त्यांत कागदी वटवाघळं टांगतात आणि पोरांना या डिकीपासून त्या डिकीपर्यंत फिरवतात. अनोळखी माणसाच्या गाडीजवळ जायचं नाही, हाही धडा आपणच दिला होता ना? असो.

खरी काळजी करण्याजोगी गोष्ट रस्त्यावर धावत असते. ४२ वर्षांच्या अमेरिकी अपघातांच्या नोंदींचा अभ्यास २०१८ च्या अखेरीस एका वैद्यकीय नियतकालिकात आला. एक आठवडा आधीच्या आणि एक आठवडा नंतरच्या त्याच वाराशी तुलना केली, तर हॅलोविनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांच्या अपघाती मृत्यूंचा धोका ४३ टक्क्यांनी जास्त निघाला. लहान मुलांसाठी तर तो आणखी मोठा. नवल काय त्यात? अंधार, काळे पोशाख, डोळ्यांवर सरकलेले मुखवटे आणि समोरच्या घरी मोठं चॉकलेट देतात अशी बातमी. पण बाप बघा, रस्ता ओलांडताना फोनवर फोटो पाठवत असतो आणि घरी येऊन भिंग काढतो.

बरं, हा सगळा खटाटोप ज्याच्यासाठी, त्या तीन वर्षांच्या जिवाला यातलं काय हवं असतं? तीस-चाळीस डॉलरचा पोशाख थंडीमुळे जाकिटाखाली जातो, सुपरमॅनचा फक्त एक लाल कोपरा बाहेर लोंबतो. पहिल्या घरी आजींनी वाडगं पुढे केलं, की तो आपल्या भोपळ्यातलं एक चॉकलेट काढून त्यांच्याच वाडग्यात टाकतो. त्याला वाटतं, देवाणघेवाण चालू आहे. दुसऱ्या घरी दार उघडताच सरळ आत शिरतो, कारण त्याच्या मते दार उघडतात ते आत येण्यासाठीच. तिसऱ्या घरी कुत्रं भेटतं, आणि तिथे त्याच्यापुरता सण संपतो. आई म्हणते, ‘अजून अख्खी गल्ली बाकी आहे!’ गल्ली आईची बाकी असते. कुत्र्यापाशी बसू द्या की त्याला. चॉकलेटं कमी पडली तर बाबांचं नुकसान आहे, त्याचं नाही.

सरकार मात्र हे प्रकरण फार गांभीर्याने घेतं. २०१२ मध्ये सँडी वादळाने न्यू जर्सी झोडपली, रस्त्यांवर झाडं आणि विजेच्या तारा पडल्या, तेव्हा गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी रीतसर आदेश काढून हॅलोविन ५ नोव्हेंबरवर ढकलला. सरकारी सहीशिक्क्याने भुतांना तारीख पडली. पण आदेशामागचा विचार शहाणपणाचा होता. भुतं पाच दिवस थांबू शकतात, तुटलेली तार थांबत नाही. आमच्या तपासणी खात्याला एवढं कळलं, तरी पुरे.

तेव्हा इथल्या मंडळींना विनंती: ३१ तारखेला भिंग कपाटात ठेवा आणि हातात टॉर्च घ्या. पोराच्या पाठीवर चमकणारी पट्टी चिकटवा, मुखवट्याऐवजी गालावर रंग लावा, फोन खिशात आणि पोराचा हात हातात असू द्या. आणि त्या संध्याकाळी ऑफिसातून गाडीने घरी येणाऱ्यांनो, पंचवीस मैलांची पाटी असली तरी गल्लीत पंधराच्या वर जाऊ नका.